चालू करून बघू नका

येरवडा म्हटलं की पुणेकराला दोनच पत्ते आठवतात: जेल आणि मनोरुग्णालय. माझं दुकान गाडीतळापाशी, म्हणजे दोन्हीकडे जायला सोयीचं, हा विनोद प्रत्येक नवं गिऱ्हाईक आपणच पहिल्यांदा केल्यासारखा करतं. मी हसून घेते आणि विचारते, डिस्क घरी लावून पाहिली का? उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. "चार-पाच वेळा लावली ताई. आधी कटकट वाजायची, आता तेवढंही वाजत नाही." आणि वर थोड्या अभिमानानं, "भाच्यानं चेकडिस्कसुद्धा मारून बघितली."

मरायला टेकलेल्या डिस्कचं खरं नुकसान ती बंद पडल्यानं होत नाही, ती पुन्हा पुन्हा चालू केल्यानं होतं. आज हे वाक्य मी दुकानाच्या काचेवर लावलंय. पण मी काम शिकले ते याच्या बरोब्बर उलटं. तेव्हा डिस्क दुरुस्त करत असत. चालू करायची, ठोकायची, फॉरमॅट मारायचा, परत चालू करायची, आणि गिऱ्हाईक तीच डिस्क घेऊन खुशीत घरी जायचं. आता डिस्क दुरुस्त होत नाही, कोणी करतही नाही. फक्त तिच्यातलं काढून घ्यायचं असतं. तीसेक वर्षांत धंद्याची अशी उलथापालथ कशी झाली, ते मला दिसलं तेवढं लिहिते. आमच्या धंद्यातली माणसं लिहीत नाहीत. आमची बिलंसुद्धा कच्चीच असतात.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी बुधवार पेठेतल्या एका वर्कशॉपला लागले, ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. तपकीर गल्लीच्या आसपास रेडिओ, टेपरेकॉर्डर, कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे एकेक करून कॉम्प्युटरकडे वळत होते. पुण्याला कॉम्प्युटर नवीन नव्हता. सी-डॅक १९८८ ला सुरू झालं होतं, १९९१ मध्ये त्यांचा परम ८००० उभा राहिला होता. पण तो महासंगणक. बँकेच्या शाखेत, सीएच्या ऑफिसात, भोसरीच्या कारखान्यातल्या स्टोअरमध्ये जे चालू होतं ते एक्सटी नाहीतर एटी पीसी, आणि त्यात बऱ्याचदा सीगेटची एसटी-२२५ डिस्क. सव्वापाच इंची, जड, क्षमता वीस एमबी. आज मोबाइलमधले पाच-सहा फोटो तेवढी जागा खातात. त्या वीस एमबीत तेव्हा अख्ख्या पतसंस्थेची खाती मावत.

त्या डिस्कच्या अंगावर कारखान्यातूनच एक कागद चिकटवलेला असे. त्यावर खराब जागांची यादी: अमुक सिलिंडर, अमुक हेड. म्हणजे नवीकोरी डिस्क आपले दोष कपाळावर लिहून येई आणि कोणाला त्यात काही गैर वाटत नसे. लो-लेव्हल फॉरमॅट मारताना ती यादी हातानं भरावी लागे. आमच्या मालकांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ मला यादी मोठ्यानं वाचायला लावत आणि स्वतः टाइप करत. डीबग उघडायचं, 'जी बरोबर सी आठशे कोलन पाच' टाइप करायचं, की कंट्रोलर कार्डातला प्रोग्रॅम जागा होई आणि डिस्कवर नव्यानं रेघा ओढायला लागे. गिऱ्हाइकाला सांगायचं, उद्या संध्याकाळी या.

मशिन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायचं तरी आधी पार्क कमांड द्यायची. त्या डिस्कची हेडं, म्हणजे तबकडीवर लिहिणारे-वाचणारे हात, आपण होऊन बाजूला सरत नसत. आणि सोमवारी सकाळी, किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर, हमखास येणारी तक्रार म्हणजे 'डिस्क फिरतच नाही'. हेड तबकडीला चिकटून बसलेलं असायचं. भाऊ वीज चालू ठेवून डिस्क तळहातावर आडवी धरत आणि मनगटाला एकच झटका देत. झूंऽऽ असा आवाज चढला की म्हणत, "आता बंद करायची नाही. फ्लॉपी आण." सतरा-अठरा फ्लॉप्यांवर सगळं उतरवून मगच ती बंद व्हायची. आज मागे वळून पाहताना वाटतं, आमच्या आजच्या धंद्याचं सगळं सार त्या 'फ्लॉपी आण'मध्ये होतं. पण भाऊंना स्वतःला मोठेपणा वाटे तो मनगटाच्या झटक्याचा.

झटका चालायचा कारण यंत्र ढोबळ होतं. पहिली हार्ड डिस्क आयबीएमनं १९५६ मध्ये रॅमॅक यंत्रात बसवली, तेव्हा दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. हेड तबकडीपासून सुमारे वीस मायक्रॉनवर तरंगे. एसटी-२२५ च्या काळात ते अंतर मायक्रॉनच्या आत आलं होतं. आज ते काही नॅनोमीटर आहे. सिगारेटच्या धुराचा कण त्या फटीपुढे डोंगर. तेव्हा ज्या डिस्कला भाऊ झटका देत, तसा आजच्या डिस्कला दिला तर हेड तबकडीवरचा थर खरवडून काढेल, आणि तो थर म्हणजेच डेटा.

याच सुमाराला व्हायरस आले. मायकेलँजेलो हा ६ मार्चला जागा होऊन डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसणारा. १९९२ मध्ये त्याचा जगभर गाजावाजा झाला. मंगळवार पेठेत कॅल्क्युलेटर-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या कैलास काटकरांनी १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस काढली, त्यांचे भाऊ संजय यांनी व्हायरस काढायचे प्रोग्रॅम लिहिले, त्यातून क्विक हील उभं राहिलं. दुरुस्तीच्या टेबलावरून सॉफ्टवेअर कंपनी उभी राहिल्याचं पुण्यातलं हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं. व्हायरसमुळे पहिल्यांदा लोकांना कळलं की डिस्क ठणठणीत असूनही आतलं जाऊ शकतं. यंत्र आणि मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तोवर आम्हालाही नीट उमगलं नव्हतं.

उमगलं ते २६ एप्रिल १९९९ ला. सोमवार होता. चेर्नोबिल किंवा सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी फुटला, त्यानं डिस्कचा पहिला एक एमबी शून्यांनी भरून टाकला आणि जमलं तिथे मदरबोर्डाचा बायोसही पुसला. वर्कशॉपच्या जिन्यात सीपीयूंची रांग लागली. भाऊंचा शिरस्ता फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्यायचा. पण मोठ्या एफएटी-३२ डिस्कवर फाइलींच्या यादीची दुसरी प्रत एक एमबीच्या पुढे असते, म्हणजे ती वाचलेली होती. पहिली प्रत मेली तर दुसरीवरून सगळं परत उभं करता येत होतं, मात्र फॉरमॅट मारायच्या आधी. आम्ही ते केलं. माझ्या लेखी डेटा रिकव्हरी हा धंदा पुण्यात त्या आठवड्यात सुरू झाला. दुसऱ्या कोणी वेगळी तारीख सांगितली तर भांडणार नाही.

तोपर्यंत डिस्कही बदलली होती. आयडीई आल्यापासून कंट्रोलर डिस्कच्याच पोटाखाली गेला आणि त्याबरोबर ती खराब जागांची यादीही अंगावरून आत गेली. आता एखादी जागा कमकुवत झाली की डिस्क गुपचूप राखीव जागेतला सेक्टर तिच्या जागी लावते आणि वर काही कळू देत नाही. हे सोयीचं आहे, पण डिस्क आता आपलं दुखणं सांगत नाही. १९९५ च्या सुमाराला स्मार्ट नावाची पद्धत आली. डिस्क आपल्या तब्येतीचे आकडे ठेवते आणि विचारलं तर दाखवते. किती सेक्टर बदलले, किती वाचता येत नसल्यामुळे लटकलेत. लोक हे आकडे पाहून निश्चिंत होतात. २००७ मध्ये गूगलच्या तिघा संशोधकांनी लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कांनी आधी एकही इशारा दिलेला नव्हता. उलट एकदा का वाचनातली पहिली चूक दिसली, की पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढलेली. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगते, 'स्मार्ट गुड' लिहिलंय याचा अर्थ काही नाही. एक जरी लटकलेला सेक्टर दिसला तरी आजच कॉपी काढा.

वर्कशॉप सोडून मी येरवड्यात दुकान टाकलं ते २००० नंतर. विमानतळाच्या रस्त्याला आणि कल्याणीनगरला आयटीच्या इमारती उभ्या राहत होत्या. पण त्यांची माणसं माझ्याकडे ऑफिसच्या डिस्का आणत नाहीत, घरच्या आणतात. बाकी गिऱ्हाईक नागपूर चाळीतलं, लक्ष्मीनगरचं, विश्रांतवाडीचं, लग्नांचे फोटोवाले, क्लासवाले, आणि छापखानेवाले.

तपासणी आता कानानं सुरू होते आणि बहुतेक वेळा कानावरच संपते. पूर्ण शांतता असेल तर दोष डिस्कच्या पोटाखालच्या बोर्डात असण्याची आशा धरायची. ही सगळ्यात चांगली बातमी. तीन सेकंदांनी एकदा कट्, कट्, कट् आणि मग थांबणं, म्हणजे हेड आपली जागा शोधतंय आणि सापडत नाहीये. बारीक चूं-चूं किंवा बीपसारखा आवाज, विशेषतः लॅपटॉपच्या डिस्कमधून, म्हणजे चालू असताना पडली. हेड तबकडीवर चिकटलं आणि मोटर जागची हलत नाहीये. आणि एखादा खरखरीत, दळल्यासारखा आवाज. तो आला की मी हात झटकन वायरीवर नेते.

बोर्डाचा दोष असला तर बऱ्याच वेळा गोष्ट हास्यास्पद असते. घरात बाहेरून लावायची मोठी डिस्क असते, तिचा अडॅप्टर बारा व्होल्टचा, लॅपटॉपचा एकोणीसचा, पिन तीच. अंधारात चुकीची लावली की बोर्डावरचा एक छोटासा डायोड, ज्याचं कामच जास्त व्होल्टेज अंगावर घेणं आहे, तो शॉर्ट होऊन बसतो आणि बाकीचं वाचवतो. मीटर लावायचा, शून्य आलं की चिमट्यानं तो डायोड काढून टाकायचा, योग्य अडॅप्टर लावायचा. डिस्क फिरते. मग लगेच कॉपी. गिऱ्हाईक विचारतं, "एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?" त्यावर माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही.

दुसरं, बोर्ड उलटा केला की खाली सोनेरी-रुपेरी टिकल्या असतात, आत हेडांकडे जाणाऱ्या तारा तिथे टेकतात. कोकणातून, मुंबईहून आलेल्या डिस्कांच्या त्या टिकल्या काळ्या पडलेल्या असतात. साधा खोडरबर घेऊन घासायच्या, ब्रशनं चुरा झटकायचा. कटकट करणारी डिस्क कधीकधी एवढ्यानं बोलायला लागते. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावणं मात्र पूर्वीसारखं राहिलं नाही. नव्वदच्या दशकात सारखं मॉडेल मिळालं की बोर्ड बदलून काम होई. पुढे प्रत्येक डिस्कची हेडं तिच्या स्वतःच्या तबकड्यांशी जुळवून ते आकडे बोर्डावरच्या आठ पायांच्या चिपमध्ये ठेवायला लागले. बोर्ड बदलला तर ती चिप जुन्याची काढून नव्यावर चढवावी लागते. ते न करता बोर्ड बदलणारे अजून आहेत, आणि त्यांनी पाटी लावलेली असते, 'शंभर टक्के गॅरंटी'.

फ्रीजरचाही एक उपाय लोक सांगतात. डिस्क रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवायची, सकाळी लावायची. कोरड्या देशात, जुन्या डिस्कवर, कधीतरी चाललाही असेल. पुण्यात जुलै महिन्यात फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कच्या आत दव धरतं आणि ते घेऊन ती मिनिटाला सात हजार फेरे मारते. हा उपाय करून आलेली डिस्क मी घेत नाही असं नाही, पण भाव आधीच सांगते.

या सगळ्यात आमची खरी परीक्षा पाहिली ती आतल्या प्रोग्रॅमच्या दोषांनी. २००९ च्या जानेवारीत सीगेटनं आपल्या बाराकुडा ७२००.११ या मालिकेतल्या काही डिस्कांत फर्मवेअरचा दोष असल्याचं जाहीर केलं. डिस्क चालू होताना तिच्या आतल्या नोंदवहीतला आकडा ठरावीक जागी आला की ती तिथेच अडकून बसे. तबकड्या ठीक, हेडं ठीक, डेटा जागेवर, आणि कॉम्प्युटरला डिस्क दिसतच नाही. जगभरच्या हौशी माणसांनी महिन्याभरात त्यावर इलाज शोधून काढला. डिस्कच्या मागे जंपरशेजारी ज्या सुट्या पिना असतात, त्यांतून तिच्याशी थेट बोलता येतं. त्यासाठी लागणारी केबल महाग म्हणून लोकांनी नोकिया मोबाइलची डेटा केबल कापून वापरली. बोर्डाचे स्क्रू ढिले करायचे, बोर्ड आणि हेडाच्या टिकल्यांमध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवायचा म्हणजे डिस्कला हेड दिसणार नाही आणि ती अडकणार नाही, मग कंट्रोल-झेड दाबायचं, समोर डिस्कचा आपला प्रॉम्प्ट येतो. मोटर थांबवायची, कागद काढायचा, स्क्रू आवळायचे, मोटर फिरवायची, नोंदवही पुसायची. हे जमणारी माणसं तेव्हा पुण्यात सापडू लागली, आणि त्यांच्यात जुनी रेडिओ दुरुस्तीवाली पोरं बरीच होती. सोल्डरिंगचा हात लागतोच.

यातलं पद्धतशीर ज्ञान आलं ते रशियातून. रोस्तोव्ह-ऑन-डॉन शहरातली एस लॅब ही संस्था पीसी-३००० नावाचं यंत्र बनवते. डिस्कच्या आतल्या गुप्त भागाशी बोलणारं. त्याची किंमत ऐकून माझ्यासारखीनं पहिली काही वर्षं नुसती स्वप्नं पाहिली. ते घेतल्यावर कळलं की यंत्र निम्मंच काम करतं. उरलेलं निम्मं काम जुन्या बाजारात होतं.

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. पितळी भांडी, जुने कॅमेरे, नळाच्या तोट्या, आणि एका बाजूला भंगारातले मदरबोर्ड आणि गोणपाटावर ओतलेल्या हार्ड डिस्का. मी तिथे यादी घेऊन जाते. हेड बदलायचं तर दाता डिस्क लागते: तेच मॉडेल, तीच मालिका, तारीख जवळची, आणि शक्यतो त्याच देशातल्या कारखान्यातली. विकणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. तो वजनावर किंवा नगावर भाव सांगतो, आणि मी लेबलं वाचत उकिडवी बसले की त्याला कळतं की हिला काहीतरी हवंय, आणि भाव चढतो. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला, वेस्टर्न डिजिटलचे तिथले कारखाने पाण्यात गेले आणि पुण्यात नव्या डिस्कांचे भाव दुप्पट झाले. त्या हिवाळ्यात जुन्या बाजारातले भंगारवालेही डिस्क हातात तोलून मगच किंमत सांगायला लागले. बँकॉकजवळ पाणी शिरलं म्हणून मंगळवार पेठेत मला दाता मिळेना, ही जागतिक व्यापाराची गोष्ट मला अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा नीट समजली.

डिस्क उघडायची ती शेवटच्या उपायाला. गाळलेली हवा समोरून सारखी वाहत राहील असं टेबल माझ्याकडे आहे, केस बांधून, हातमोजे घालून बसते. लेबलाखाली एक स्क्रू लपलेला असतो, तो काढल्याशिवाय झाकण उघडत नाही. हे माहीत नसलेले झाकण वाकवून आणतात. झाकण निघाल्यावर मी आधी हेडाकडे पाहत नाही. आत एका कोपऱ्यात नखाएवढी पांढरी जाळी असते, तबकड्या फिरताना आतली हवा तिच्यातून जाते. ती पांढरी असेल तर पुढे जायचं. राखाडी किंवा काळी असेल तर तबकडीवरचा थर पूड होऊन तिच्यात अडकलाय. मग दिवा तिरपा करायचा आणि तबकडी बोटानं कडेला धरून हळू फिरवायची. आरशासारख्या पृष्ठभागावर एक बारीक, मंद वर्तुळ दिसतं. कधी एक, कधी शेकडो. लॅपटॉपच्या काही डिस्कांत तबकडी काचेची असते. थर पूर्ण गेला की ती आरपार दिसते. तेवढं पाहिलं की झाकण लावते आणि गिऱ्हाइकाला फोन करते. अशा वेळी पैसे घेत नाही. हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे, डेटा नाही तर पैसे नाहीत, आणि तो मला योग्य वाटतो, जरी उघडण्यात माझी अख्खी दुपार गेलेली असली तरी.

हेडं वाचत असतील तर उरतं ते वाचनाचं काम, आणि इथे घाई करणारा हरतो. नेहमीचं कॉपी-पेस्ट खराब सेक्टरपाशी अडून बसतं आणि हेडाला त्याच जागी शंभरदा घासतं. अँतोनियो दियाझ दियाझ या स्पॅनिश माणसानं २००४ मध्ये डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम लिहिला आणि फुकट देऊन टाकला. त्याचं तत्त्व एवढंच की आधी हाताला लागतील ते आंबे उतरवा, शेंड्यावरच्यासाठी झाड हलवू नका. पहिल्या फेरीत अडचणीची जागा आली की उडी मारून पुढे. काय मिळालं, काय राहिलं याचा नकाशा तो लिहीत जातो. दुसऱ्या फेरीत उरलेल्या जागांच्या कडा. तिसऱ्या फेरीत एकेक सेक्टर. कधी उलट्या बाजूनं वाचलं तर जास्त निघतं. मध्येच वीज गेली तरी नकाशा असल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागत नाही, आणि ज्या शहरात गुरुवारी वीज जाणार हे गृहीत असतं तिथे याचं मोल वेगळं सांगायला नको.

गेल्या काही वर्षांतलं मला आवडलेलं काम एका छापखान्याचं. मालकांचे वडील येरवडा कारागृह मुद्रणालयात नोकरीला होते. जुन्या सरकारी अहवालांच्या पहिल्या पानावर तळाला त्या मुद्रणालयाचं नाव दिसतं ना, तेच. मुलानं चित्रा चौकाच्या बाजूला डीटीपी आणि ऑफसेट टाकलं. १९९८ ची चार जीबीची डिस्क घेऊन आले. "ताई, यात सगळं मॅटर आहे." मंडळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, निवडणुकीच्या स्लिपा, एका दिवाळी अंकाचे सलग अंक. डिस्क फिरत होती, मधूनच अडखळत होती. नकाशा काढला तर गाळलेल्या जागा अगदी सारख्या अंतरावर. अशी समान अंतरं म्हणजे एकच हेड दगा देतंय, बाकीची ठीक आहेत. त्या हेडाला शेवटी ठेवलं, पंखा लावला, रात्री थंडाव्याला चालवलं. बहुतेक सगळं उतरलं, पण फाइलींची यादी जिथे होती नेमका तोच भाग गेला. म्हणजे मजकूर आहे, नावं नाहीत.

इथे मला नेहमी शेजारचं डेक्कन कॉलेज आठवतं. १८६८ मध्ये येरवड्याला आलेल्या त्या इमारतीच्या आवारात १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चाललाय, डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी सुरू केलेला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथे पेट्यांत लावून ठेवल्यात. त्यातली एखादी पेटी उद्या जमिनीवर सांडली तरी कोश बुडत नाही, कारण प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, ग्रंथ आणि स्थळ लिहिलेलं आहे. ती स्वतःचा पत्ता अंगावर घेऊन असते. डिस्कच्या सेक्टरला आपण कोणत्या फाइलीचे, कितवे, हे ठाऊक नसतं. यादी गेली की कोटी चिठ्ठ्या कोऱ्या पाठीच्या. मग फोटोरेकसारखा प्रोग्रॅम फाइलींच्या तोंडावळ्यावरून त्या ओळखतो, ही जेपीजी, ही पेजमेकर, आणि नावाच्या जागी आकडे घालतो. हजारो फाइली, नाव एकीलाही नाही.

त्या उघडल्या तर दुसरंच. पडद्यावर मराठी नाही, इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा खिचडा. युनिकोड रुळायच्या आधीचा सगळा मराठी मजकूर असा आहे. प्रत्येक कंपनीच्या फाँटचा आपला खाजगी हिशोब. तो फाँट असेल तरच 'क' चा 'क' दिसणार. गेल्या शतकाच्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत छापलेलं बहुतेक मराठी या स्थितीत आहे, आणि ज्यांच्या डिस्का ठणठणीत आहेत त्यांनाही ते वाचता येत नाही. सुदैवानं त्याच डिस्कवरून फाँटही निघाले. पण सॉफ्टवेअर चालायला प्रिंटरच्या जागी लावायचं लॉक हवं. मालकांनी ते लोखंडी कपाटात जपून ठेवलं होतं. आता ते लॉक जिथे लागेल असा, विंडोज ९८ चा, प्रिंटर पोर्टवाला कॉम्प्युटर हवा. तो बुधवारी जुन्या बाजारातून आणला, त्याचे कपॅसिटर बदलले.

सगळं जुळून पहिली लग्नपत्रिका पडद्यावर आली, गणपतीसकट. मालक म्हणाले, छान, छान. मग हळूच म्हणाले, "ताई, त्यात फॉक्सप्रोची एक फाइल असेल. उधारीची." ती तर सगळ्यात आधी निघाली होती, डीबीएफ फाइल साधी, सरळ, तुटली तरी वाचता येते. दोन हजार तीन सालापर्यंतची उधारी त्यांनी माझ्या टेबलाशी उभं राहून वाचून काढली, एकेका नावाला मान हलवत. त्यातले दोघे अजून येरवड्यातच आहेत म्हणे.

पाण्याच्या डिस्का मात्र मला नकोशा वाटतात. पानशेतच्या १२ जुलै १९६१ च्या पुरानं पुण्यातल्या किती घरांतली कागदपत्रं नेली ते आधीच्या पिढीकडून सगळ्यांनी ऐकलंय. ओले कागद त्यांनी गच्चीवर वाळत घातले होते, आणि बरेचसे वाचले. हीच सवय डिस्कच्या बाबतीत घात करते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईहून पुण्याला डिस्का आल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरहून आल्या. सगळ्या उन्हात वाळवलेल्या, काही तांदळाच्या डब्यातून काढलेल्या. डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, पाणी तिथून आत जातं. वाळवलं की पुराचा गाळ तबकडीवर घट्ट बसतो. ओलीच, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आणा, असं सांगितलं तर लोकांना वाटतं मी कामाची टाळाटाळ करतेय.

आता निम्म्याहून जास्त काम एसएसडीचं आणि मोबाइलचं. तिथे ना आवाज, ना हेड, ना जुन्या बाजारातला दाता. विंडोज ७ पासून डिलीट केलेल्या जागा एसएसडीला ताबडतोब कळवल्या जातात आणि ती आपण होऊन त्या साफ करून टाकते. हार्ड डिस्कवर पुसलेलं जसं नवीन लिहीपर्यंत पडून राहायचं तसं इथे राहत नाही. नव्या लॅपटॉपांत तर चिप बोर्डालाच जोडलेली, वर कुलूपबंद सांकेतिक भाषेत लिहिलेली. मोठ्या हार्ड डिस्का आता हेलियम भरून सीलबंद येतात, त्या उघडल्या की मेल्या. त्यामुळे एसएसडी घेऊन कोणी आलं की मी आधी विचारते, बंद पडलीय की डिलीट झालंय? बंद पडली असेल तर ठेवून जा. चुकून डिलीट झालं असेल आणि त्यानंतर मशिन दिवसभर चालू असेल, तर तसं स्पष्ट सांगते, आणि चहा विचारते.